परीक्षकाची दया

नव्या ध्वनिमुद्रिकांचा परामर्श घेण्याचे काम गेली काही वर्षे आमच्याकडे आहे. त्या निमित्ताने पत्रे येतात. बहुतेक पत्रांत आमच्या मताचे खंडन असते आणि ते तसे असावयासच हवे. परंतु मध्यंतरी आलेल्या एका पत्राने आम्हांस बरेच दिवस स्वस्थ बसू दिले नाही. पत्रलेखकाने आमच्या एकाही मताशी वाद घातला नव्हता. त्याने एवढेच विचारले होते की, एकाच लेखात तुम्ही ख्यालाची एक मुद्रिका, अभंगांचा एक संग्रह, एका चित्रपटातील गाणी आणि दोन तरुणांचे रॅप यांचा विचार केलात; या चौघांना मोजण्याचे तुमचे माप एक आहे की चार? एक असेल तर तो उघड अन्याय होय. आणि चार असतील तर त्यांस माप तरी का म्हणावे? मग ज्याला जसे हवे तसे मोजावे आणि परीक्षकाने घरी बसावे.

पेच मोठ्या कौशल्याने घातलेला आहे यात शंका नाही. त्यातून सुटण्याची एक वाट सर्वांच्या परिचयाची आहे. ‘ज्याची त्याची आवड’ असे म्हणावयाचे आणि मोकळे व्हावयाचे. आपल्याकडे या वाटेवर कालिदासालाही उभे करण्यात येते. लोक भिन्न रुचीचे असतात आणि नाट्य त्या सर्वांचे एकत्र समाधान करते, अशा अर्थाचे उद्गार ‘मालविकाग्निमित्रा’त आहेत, आणि वाद संपविण्यासाठी ते नेहमी उद्धृत होतात. परंतु हे उद्गार कोणाचे आणि ते कोठे येतात, याचा विचार क्वचितच होतो. ते गणदास या नाट्याचार्याच्या तोंडी पहिल्या अंकात आहेत. आणि त्याच अंकात हा गणदास हरदत्त या दुसऱ्या आचार्याशी श्रेष्ठत्वाबद्दल भांडून, आमचा निवाडा करा म्हणून राजाकडे धाव घेतो! निवाड्यासाठी पंडिता कौशिकीची योजना होते, आणि ती म्हणते की, नाट्यशास्त्र प्रयोगप्रधान आहे, तेव्हा नुसत्या वादविवादाने काय होणार? म्हणजे भिन्नरुचीची ग्वाही देणाऱ्या गृहस्थालाच परीक्षा हवी आहे. ती सारी परीक्षा राजाच्या दृष्टीस मालविका पडावी म्हणून रचलेली होती, आणि परीक्षक बाईही त्या कटात सामील होत्या, हा भाग निराळा. परीक्षकाच्या हेतूंबद्दल कालिदासाला फारसा भ्रम नव्हता असे दिसते. तथापि परीक्षाच नको, असे त्याने कोठे सुचविलेले नाही.

आम्ही राहतो ते जेऊर हे दौंड-सोलापूर लोहमार्गावरील, करमाळा तालुक्यातील गाव. उजनी धरणाचे पाणी पसरल्यापासून या टापूत ऊस पुष्कळ झाला. उसाबरोबर काटा आला आणि काट्याबरोबर ‘काटामारी’ हा शब्दही घरोघर झाला. गळिताच्या हंगामात चार शेतकरी एकत्र जमले की वजनाची गोष्ट निघाल्यावाचून राहत नाही. आता, ऊस टनावर मोजतात, सोने ग्रॅमवर मोजतात आणि कापड मीटरवर मोजतात. म्हणून कोणी शेतकरी असे म्हणत नाही की, मापे निरनिराळी असल्यामुळे वजनाला अर्थच उरला नाही. मापे निराळी असली तरी काटा खरा असावा, ही अपेक्षा मात्र सर्वत्र एकच असते. आमच्या पत्रलेखकाला प्रथम एवढेच उत्तर द्यावे असे आमच्या मनात आले होते. परंतु अधिक विचार करता असे ध्यानी आले की, या उत्तरात एक गोष्ट आम्ही गृहीत धरून चाललो आहो. ती ही की, आमचा काटा खरा आहे. तो तसा नेहमी असतो काय?

अठराव्या शतकातील तत्त्वज्ञ ह्यूम याने १७५७ साली रुचीच्या प्रमाणावर एक निबंध लिहिला. त्यात त्याने ‘डॉन किहोटे’तील सँको पांझाच्या दोन नातलगांची कथा घेतली आहे. मद्याची परीक्षा करण्यास दोघांस बोलावले असता एकाने सांगितले, मद्य उत्तम, परंतु किंचित चामड्याची चव लागते. दुसऱ्याने सांगितले, उत्तम, परंतु लोखंडाची चव लागते. लोक दोघांसही हसले. पुढे पिंप रिकामे झाले तेव्हा तळाशी चामड्याची वादी बांधलेली एक लोखंडी किल्ली सापडली. आमच्या विद्यार्थिदशेत या कथेने आमच्यावर फार मोहिनी घातली होती. आणि परीक्षक म्हणजे ती किल्ली चाखून ओळखणारा मनुष्य, अशीच आमची कल्पना होती. सूक्ष्म संवेदना, पुष्कळ अभ्यास, तुलनेची सवय आणि पूर्वग्रहापासून मुक्तता, हे गुण ह्यूमने परीक्षकास आवश्यक मानले आहेत, आणि ते आजही नाकारता येणार नाहीत. मात्र या कथेत पिंप एकच आहे आणि त्यात मद्य आहे हे सर्वांस ठाऊक आहे. आमच्यापुढे महिन्याला चार पिंपे येतात. एकात उसाचा रस असतो, एकात ताक असते. आणि मद्यावर जीभ तयार केलेला मनुष्य, हे दोन्ही बिघडलेले मद्य आहे, असा निर्वाळा देऊन मोकळा होतो. त्याची जीभ खोटी नसते. कशाची चव घेत आहो एवढेच त्याला ठाऊक नसते.

हे अज्ञान केवळ नव्या संगीताच्या बाबतीत घडते असे समजण्याचे कारण नाही. ध्वनिमुद्रिका हीच मुळी आपल्याकडे एक नवीन वस्तू म्हणून आली. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा गैसबर्ग कलकत्त्यास आला आणि त्याने गौहर जानचे गाणे मुद्रित केले. तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटे मिळत. ज्या गवयास एका रागास तासभर पुरत नसे त्याने तीन मिनिटांत काय करावे? अल्लादिया खाँ आणि भास्करबुवा बखले यांच्या गाण्याची मुद्रिका आपणांस उपलब्ध नाही. त्यांची थोरवी आपण शिष्यांच्या गळ्यांतून आणि ऐकणाऱ्यांच्या आठवणींतून अनुमानाने जाणतो. उलट अब्दुल करीम खाँ यांनी त्या तीन मिनिटांत असे काही साधले की, गदगच्या एका मुलाने त्यांची झिंझोटीतील ठुमरी तबकडीवर ऐकली आणि पुढे गुरूच्या शोधात घर सोडले. हा मुलगा म्हणजे भीमसेन जोशी. ‘तबकडीवरचे गाणे म्हणजे मैफलीचा चोथा’ असे म्हणणाऱ्या जाणकारांची जीभ तीक्ष्ण असेलही; परंतु ते मैफलीच्या मापाने तबकडी मोजीत होते. खाँसाहेबांची ती ठुमरी ही कापून लहान केलेली मैफल नाही. ती तीन मिनिटांची म्हणूनच बांधलेली, आपल्यापुरती पूर्ण अशी वस्तू आहे. केसरबाई केरकरांची साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेली, ती काही कोणी दया म्हणून धाडली नाही.

एवढे सर्व आम्ही जाणत होतो आणि वर्गात शिकवीतही होतो. असे असूनही आमच्या हातून जे घडले ते येथे सांगणे प्राप्त आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये ‘सैराट’ हा चित्रपट आला. त्याचे दिग्दर्शक नागराज मंजुळे हे आमच्या जेऊरचेच; आणि चित्रपटातील माती, बोली, विहिरी आणि वाटा याच तालुक्यातल्या. संगीत अजय-अतुल यांचे, गाणी अवघी चार. चित्रपट पाहण्यापूर्वी ती गाणी आम्ही खोलीचे दार लावून, कानांस यंत्र लावून, हाती पेन्सिल घेऊन ऐकली. पहिल्या गाण्यात व्हायोलिनांचा इतका मोठा ताफा कशासाठी, असे आम्ही टिपले. हा वाद्यवृंद हॉलिवूडमधील सोनीच्या स्टुडिओत मुद्रित केलेला होता, ही वार्ता सर्वत्र झालीच होती. तेव्हा गावच्या गोष्टीला परदेशी जरतार लावल्याचा आक्षेप आम्हांस आयताच सापडला. ‘झिंगाट’विषयी आम्ही एका शब्दाहून अधिक लिहिले नाही. तो शब्द ‘गोंगाट’ हा होता. यमक साधल्याचा आनंदही त्या वेळी आम्हांस झाला होता, हे लपवून काय उपयोग?

पुढे थोड्याच दिवसांनी आमच्या गल्लीतून एक वरात गेली, आणि तेच गाणे आम्ही ते जेथे वाजावयाचे तेथे ऐकले. ठेका अंगात शिरतो हे कोणीही सांगेल. त्यात विशेष नाही. आमच्या कानांस त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आली ती भाषा. वेडाला ‘याड’ म्हणणारी ही बोली आमच्या चहूकडे बोलली जाते, आणि तीस वर्षे उत्तरपत्रिका तपासताना तिचे किती शब्द आम्ही तांबड्या शाईने खोडले असतील त्याची गणती नाही. तीच बोली आता शंभर वाद्यांच्या थाटात, मान खाली न घालता, मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवरून चालली होती. आम्ही गोंगाट म्हटले तेव्हा ठेक्याला नाव ठेवीत होतो की आपल्या तांबड्या शाईचा बचाव करीत होतो, हे आज आम्हांस निश्चयाने सांगता येत नाही.

त्यानंतर आम्ही चित्रपट पाहिला. ज्यांनी तो पाहिला आहे त्यांस त्याचा शेवट सांगावयास नको. पळून जाऊन संसार मांडलेल्या त्या दोघांचा त्यांच्याच घरात खून होतो, बाहेरून आलेले त्यांचे लहान मूल ते पाहते, आणि रक्ताने भरलेल्या पावलांनी बाहेर पडते. या प्रसंगी पडद्यावर कसलाही आवाज नाही. व्हायोलिनांचा तो सारा ताफा, ज्याला आम्ही उधळपट्टी म्हटले होते, तो येथे नाहीसा झालेला आहे. आणि तेव्हा कळते की तो त्या मुलाच्या व मुलीच्या स्वप्नाचा आवाज होता. त्यांच्या प्रेमाचे आकारमान त्यांच्या दृष्टीने तेवढेच होते. गावाने त्याला निराळे माप लावले. ती गाणी मोठी नसती तर ही शांतता एवढी भयंकर झाली नसती. केवळ गाण्यांचा संग्रह हाती धरून बसलेल्या परीक्षकास हे कळणे शक्य नव्हते, असा बचाव आमच्या बाजूने करता येईल. परंतु जे कळणे शक्य नव्हते त्यावर निकाल देण्याची घाई आम्हांस कोणी केली होती?

येथे वाचकही निर्दोष सुटत नाहीत. ते गाणे त्या वर्षी ज्या मांडवांत वाजले त्यांपैकी कितीशा मांडवांत वधूवर निरनिराळ्या जातींचे होते? ज्या गोष्टीसाठी चित्रपटातील दोघांचा जीव गेला ती आपल्या घरात घडू देण्याची ज्यांची तयारी नाही, तेही त्याच ठेक्यावर मनसोक्त नाचले. शेवट गाळून गाणे तेवढे घ्यावे, ही सोय ध्वनिमुद्रिका करून देते. हा दोष गाण्याचा नव्हे. परंतु गाणे त्याच्या प्रयोजनापासून तोडून ऐकण्याची जी चूक आम्ही दार बंद करून केली, तीच इतरांनी रस्त्यावर नाचत केली, एवढेच आमचे म्हणणे आहे.

तुच्छता हा काट्यातील पहिला दोष. दुसरा दोष याहून शांत आहे. तो म्हणजे मौन. याच सोलापूर जिल्ह्यातील बार्शीत १९१६ साली जन्मलेले शाहीर अमर शेख यांच्या आवाजाने संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत सभाच्या सभा हालविल्या. वामनदादा कर्डकांनी हजारो गीते रचून गावोगाव म्हटली. प्रल्हाद शिंदे यांच्या विठ्ठलाच्या गाण्यांच्या कॅसेटींवाचून एके काळी पंढरीला जाणारी एस. टी. ची गाडी आणि रस्त्यावरचे चहाचे दुकान यांची कल्पनाही करता येत नसे. १९८० नंतरच्या दशकात स्वस्त कॅसेटीमुळे गल्लीबोळांतील गायकांनाही आपले गाणे विकता येऊ लागले, आणि संगीताच्या बाजारावरील मूठभर मोठ्या कंपन्यांची पकड सुटली; पीटर मॅन्युएल या अमेरिकन अभ्यासकाने १९९३ साली उत्तर भारतातील या घडामोडीवर एक संपूर्ण ग्रंथ लिहिला. आमच्यासारख्यांनी मात्र त्याच काळात नाट्यगीते, भावगीते आणि ख्याल यांवर पानेच्या पाने भरली, आणि या कॅसेटींविषयी बरे अथवा वाईट एक अक्षर लिहिले नाही. त्यांचा कोणी अपमान केला नाही; त्यांस परीक्षेसच बसू दिले नाही. निकालात नापास झालेल्याचे नाव निदान यादीत असते.

तिसऱ्या दोषाचे नाव घेण्यास आम्हांस संकोच वाटतो, कारण जगात त्यास गुण समजतात. त्याची कथा अशी. आमचा एक जुना विद्यार्थी, जो आता पोटासाठी एका दुकानात काम करतो, गेल्या वर्षी आमच्याकडे आला. १४ एप्रिलच्या जयंतीसाठी त्याने पाच भीमगीते रचून, स्वतः गाऊन, सोलापुरात मुद्रित करून आणली होती. पदरचे पैसे घातले होते. ती त्याने आपल्या मोबाईलवर आम्हांस ऐकविली आणि मत विचारले. पाचही गाण्यांची लय एकच होती. तिसऱ्या गाण्याच्या अंतऱ्यातील शब्द वाद्यांखाली बुडाले होते. दुसऱ्या गाण्यात तार षड्जावर आवाज हलत होता, आणि तो झाकण्यासाठी त्यावर घुमारा चढविलेला होता. हे सर्व आमच्या ध्यानात आले. आम्ही त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणालो, “छान झालं आहे. असंच चालू ठेव.”

तो काही वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “सर, मागच्या महिन्यात तुम्ही त्या ख्याल गाणाऱ्या बाईंच्या रेकॉर्डवर दोन पानं लिहिली. त्यांचा तार षड्ज हलतो म्हणून लिहिलंत. माझा हलत नाही का?”

आम्हांस उत्तर सुचले नाही. परत जाताना त्याने नेहमीप्रमाणे वाकून नमस्कार केला, त्याने तर आम्ही अधिकच ओशाळलो. रात्री विचार करीत असता आमच्या वागण्याचा अर्थ हळूहळू उलगडला. ख्याल गाणाऱ्या बाईंवर आम्ही टीका केली, कारण त्यांचा स्वर अचूक लागावयास हवा असे आम्ही मानीत होतो. या मुलाचा स्वर लागला काय आणि न लागला काय, आमच्या दृष्टीने काही बिघडत नव्हते. त्याच्या गाण्याकडून आमची काही अपेक्षाच नव्हती. आणि अपेक्षा नसण्यालाच आम्ही कौतुक असे नाव दिले होते. ज्याला आपण आपल्या बरोबरीचा मानतो त्याच्याशी आपण वाद घालतो, त्याची चूक दाखवितो, प्रसंगी रागावतो. ज्याला मानीत नाही त्याच्या पाठीवर थाप मारतो. दया हे तुच्छतेचेच सभ्य घरातले रूप आहे. आणि तुच्छतेला निदान उलट उत्तर तरी देता येते, दयेला ते देण्याचीही सोय नसते. या मुलाने ते दिले, हे त्याचे धैर्य होय.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. माप एक की चार? आमचे उत्तर असे आहे की, कोणत्याही ध्वनिमुद्रिकेस तीन प्रश्न विचारावेत, आणि ते सर्वांना सारख्याच कसोशीने विचारावेत. पहिला: ही वस्तू ऐकणाऱ्यास कोणते वचन देते? दुसरा: दिलेले वचन ती पाळते काय? तिसरा: ते वचन देण्याजोगे होते काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक प्रकारात निराळे येणार. ख्याल रागाचा हळूहळू होणारा विस्तार देऊ करतो. पोवाडा प्रसंग डोळ्यांपुढे उभा करण्याचे आणि रक्त तापविण्याचे वचन देतो. रॅप श्वास आणि शब्द यांच्या चपळाईवर आपली सारी पैज लावते. भीमसेनांनी अभंग गायिले तेव्हा रागदारीचे सामर्थ्य त्यांच्याजवळ कमी नव्हते; पण अभंगाचे वचन शब्द पोहोचविण्याचे आहे. तेव्हा तेथे तान चांगली आहे की नाही एवढे पाहून भागत नाही. तानेमागून शब्द ऐकू येतो की नाही हे पाहावे लागते. रॅपमध्ये मींड नाही म्हणून रडणे हे आंब्याच्या झाडावर चिंच न लागल्याबद्दल तक्रार करण्यासारखे आहे. परंतु रॅपमधील शब्दच शिळे असतील, तर मात्र ‘हा तरुणांचा प्रकार आहे’ असे म्हणून सोडून देता कामा नये.

तिसरा प्रश्न नीतीचा आहे, आणि सर्वांत धोक्याचाही तोच आहे. स्त्रीची विटंबना करण्याचे वचन देणारे आणि ते उत्तम प्रकारे पाळणारे गाणे असू शकते. त्याचा ठेका निर्दोष असेल. तो निर्दोष आहे असे लिहावे, आणि हे वचन देण्याच्या लायकीचे नव्हते असेही लिहावे. पण या प्रश्नाच्या आडून आपल्या वर्गाची नावड शहाजोगपणे आत येते, याचा अनुभव इतिहासात पदोपदी आहे. आरंभीच्या तबकड्यांवर गाणाऱ्या गौहर जानसारख्या स्त्रिया गाण्यावर पोट भरणाऱ्या होत्या. ज्या सभ्य घरांच्या दिवाणखान्यांत त्यांच्या तबकड्या कौतुकाने वाजत त्या घरांची दारे त्यांच्यापैकी कितीजणींस मानाने उघडली असती? स्वर घरात घ्यावयाचा आणि गाणारी बाहेर ठेवावयाची, ही नीती आम्ही नीती म्हणूनच मिरविली. तेव्हा तिसरा प्रश्न विचारण्याचा अधिकार त्यालाच आहे, जो तो प्रथम आपल्या आवडीच्या संगीतास विचारतो. घराण्याच्या नावावर तेच ते ऐकविणारी ख्यालाची मुद्रिका कोणते वचन देते? आणि ते देण्याजोगे आहे काय? हे आम्ही फार थोड्या वेळा विचारले आहे.

यावर असा आक्षेप येईल की, इतकी सर्व कसोशी नवशिक्यास मोडून टाकील. शिकल्यासवरलेल्या गायिकेस टीका सोसते, कारण तिच्या पाठीशी गुरू आहे, पैसा आहे, श्रोते आहेत. दुकानात राबणाऱ्या मुलास ती कशी सोसावी? हा आक्षेप खोटा नाही. सत्य सांगण्याची वेळ, जागा आणि स्वर यांत फरक करावयास हवा. छापून चारचौघांत सांगावयाचे की समोर बसवून, हे मनुष्य पाहून ठरवावे. ज्या गोष्टी उणे साधनांमुळे घडल्या त्यांचा दोष गायकावर लादू नये. परंतु सत्य किती सांगावयाचे यात फरक करू लागलो की काटा हलला. गणित चुकलेल्या गरिबाच्या मुलाला पूर्ण गुण देणारा शिक्षक त्याच्यावर उपकार करतो असे कोणी म्हणणार नाही. त्याचे चुकणे तो कायमचे करून ठेवतो. गाण्याच्या बाबतीत तेवढे आम्ही दयाळू का होतो, याचे कारण वर सांगितलेच आहे.

दुसऱ्या आठवड्यात आम्ही त्या विद्यार्थ्यास बोलावून घेतले. पाच गाणी तीन वेळा ऐकून त्यांतील दोष कागदावर लिहून ठेवले होते. ते नऊ भरले. गुणही लिहिले होते. ते चार होते, आणि त्यांतील एक असा होता की त्याबद्दल आम्हांस त्याचा हेवा वाटला. दोन तास बसलो. त्याने सहा दोष मान्य केले, दोहोंबद्दल विचार करतो म्हणाला, आणि एकाबद्दल मात्र त्याने आम्हांस सरळ अडविले. पाचही गाण्यांची लय एकच, असा आमचा आक्षेप होता. तो म्हणाला, “सर, मिरवणूक चालत असते. म्हातारी माणसं असतात, बायका कडेवर लेकरं घेऊन असतात. मधेच लय बदलली की पाय अडखळतात. ती मी मुद्दाम एकच ठेवली आहे.” गाणे कोणते वचन देते हे प्रथम पाहावे, असे आम्ही वर मोठ्या अधिकाराने लिहिले आहे, तो धडा आम्हांस असा मिळालेला आहे. नऊपैकी तो एक दोष आम्ही कागदावरून खोडला.

पत्रलेखकास आमचे उत्तर पुरेसे वाटेल की नाही, सांगता येत नाही. त्यांस ते न पटल्यास त्यांनी तसे सविस्तर लिहावे. ‘लेख छान आहे’ एवढेच लिहून आम्हांस सोडू नये. त्या विद्यार्थ्याने दुसऱ्या गाण्यातील तार षड्ज, वरचा घुमारा काढून, पुन्हा मुद्रित करून आणला आहे. तो कसा लागला आहे ते आम्ही त्याच्या संमतीने पुढील अंकात, इतर मुद्रिकांच्या शेजारी, लिहिणार आहो.